कॅमेरेवाले भैया गेल्यावरही टिकेल असा आयपी: घरच्या नवीन कॅमेऱ्यांचे पत्ते आपणच कसे लावायचे

इंदुरात रामबाग घ्या, लोकमान्य नगर घ्या नाहीतर सुदामा नगर, कितीतरी मराठी घरांत सध्या असंच आहे की मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला, घरी आई-बाबा दोघंच, आणि मग कोणीतरी सुट्टीत येऊन जेल रोडवरून चार कॅमेरे आणि एक एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणून लावून जातं. लावणारे भैया दुपारभर तारा ओढतात, मोबाईलवर ॲप चालू करून देतात, "हो गया साब" म्हणतात आणि निघतात. पहिला मोठा पाऊस येईपर्यंत सगळं छान. मग एकदा लाईट जाते, येते, परत जाते, आणि चारातले दोन कॅमेरे काळे पडतात. दुकानदाराला फोन, तो माणूस पाठवतो, माणूस काहीतरी करतो, पैसे घेतो, पुढच्या पावसात परत तेच.

अशा वेळी बऱ्याचदा कॅमेऱ्याला काही झालेलं नसतं, त्याचा आयपी पत्ता बदललेला असतो आणि एनव्हीआर अजून जुन्याच पत्त्यावर त्याला शोधत बसलेला असतो. हे पत्ते एकदा नीट, आपल्या हाताने, ठरवून लावले की हा त्रास जवळजवळ संपतो, आणि खरं सांगते यात इंजिनिअरिंगची डिग्री लागेल असं काहीही नाही, एक लॅपटॉप, एक लॅनची केबल आणि सलग तासभर शांत वेळ पाहिजे एवढंच. म्हणून हे सगळं लिहितेय, की आई-बाबांच्या घरचं हे काम कॅमेरेवाल्यावर सोडू नका, पत्ते तुम्ही ठरवा.

एक गोष्ट आधीच, मी इथे मराठी आकडे वापरलेत, पण कॅमेऱ्यात किंवा राऊटरमध्ये टाकताना इंग्रजी आकडेच टाकायचे.

आता आयपी पत्ता म्हणजे काय ते बघू. टिंबांनी वेगळे केलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला, जसं १९२.१६८.१.६४. या पद्धतीत एकूण साधारण ४२९ कोटी पत्ते होतात, ऐकायला खूप वाटतात पण जगातल्या सगळ्या फोन, टीव्ही, कॅमेऱ्यांना ते पुरत नाहीत. म्हणून १९९६ साली तीन पट्टे घरगुती आणि ऑफिसच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही आपापल्या घरात वापरू शकतं, तुमच्याकडे १९२.१६८.१.५ असेल आणि शेजाऱ्यांकडेही असेल तरी काही अडत नाही.

राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या गल्ल्यांमध्ये मोठे वाडे असायचे ना, रस्त्यावर एकच दरवाजा आणि आत दहा बिऱ्हाडं, त्यासारखं समजा. पोस्टमनला वाड्याचा पत्ता माहीत, आत कोणाची खोली कितव्या नंबरची ते वाड्यातल्यांनाच माहीत. तुमचा राऊटर म्हणजे तो दरवाजा. बाहेर इंटरनेटवर दिसतो तो पब्लिक पत्ता इंटरनेटची कंपनी देते, आतले खोलीनंबर राऊटर वाटतो, आणि आपल्याला कॅमेऱ्यांचे जे पत्ते लावायचेत ते हे आतले.

आतल्या पत्त्यांचा एक नियम कळला की निम्मं काम झालं. सेटिंगमध्ये सबनेट मास्क म्हणून २५५.२५५.२५५.० असं दिसतं, घरगुती राऊटरमध्ये बहुतेक हेच असतं. याचा अर्थ एवढाच की पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे पाहिजेत आणि शेवटचा प्रत्येकाचा वेगळा. शेवटच्या जागी १ ते २५४ वापरता येतात, ० आणि २५५ राखीव. राऊटर १९२.१६८.२९.१ असेल तर त्या घरातल्या प्रत्येक वस्तूचा पत्ता १९२.१६८.२९ ने सुरू व्हायला पाहिजे, नाहीतर ती वस्तू तारेने जोडलेली असूनही इतरांना दिसणार नाही.

आणि नवीन कॅमेरा "सापडत नाही" म्हणतात त्याचं सगळ्यात मोठं कारण इथेच आहे. बरेच तारेवाले कॅमेरे फॅक्टरीतून ठराविक पत्ता घेऊनच येतात. हिकव्हिजनचा कॅमेरा १९२.१६८.१.६४ घेऊन येतो, दाहुआचा १९२.१६८.१.१०८. आता घरात जिओफायबर असेल तर त्याचा राऊटर साधारणपणे १९२.१६८.२९.१ वर असतो, टीपी-लिंकचे बरेच राऊटर १९२.१६८.०.१ वर, आणि पुष्कळ राऊटर १९२.१६८.१.१ वर. म्हणजे जिओफायबरच्या घरात नवा हिकव्हिजन कॅमेरा जोडला तर तिसरा आकडाच जुळत नाही, एकीकडे २९ आणि एकीकडे १, आणि तुम्ही कितीही वेळा केबल काढून लावली तरी काही होणार नाही.

राऊटर १९२.१६८.१.१ वाला असेल तर उलटी अडचण येते. चारही कॅमेरे एकाच कंपनीचे, चौघांचा पत्ता १९२.१६८.१.६४, चौघं एकदम जोडले की भांडण सुरू, कधी गेटचं चित्र येतं कधी गच्चीचं, मध्येच दोन्ही जातात. त्यामुळे माझा आग्रहाचा सल्ला आहे की कॅमेरे भिंतीवर चढवायच्या आधी टेबलावर मांडा, एकेक जोडा, त्याचा पत्ता बदला, त्याच्यावर पेन्सिलने नाहीतर चिकटपट्टीवर "गेट" "गच्ची" लिहा, काढा, मग पुढचा. शिडीवर चढून हे करणं आणि टेबलावर बसून करणं यात खूप फरक आहे, आणि कोणता कॅमेरा कुठला तेही तेव्हाच पक्कं होतं.

सुरुवात राऊटरपासून. घरच्या वायफायवर असलेल्या फोनमध्ये वायफायच्या नावावर दाबून माहिती उघडा, तिथे गेटवे किंवा राऊटर असं लिहिलेलं असतं, तो तुमच्या राऊटरचा पत्ता. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं तरी डिफॉल्ट गेटवेसमोर तोच दिसेल. तो ब्राउझरमध्ये टाकला की राऊटरचं लॉगिन पान उघडतं, पासवर्ड बहुतेक वेळा राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असतो.

आता राऊटरमध्ये डीएचसीपी नावाचा भाग शोधा. पत्ते वाटायचं काम हा करतो. फोन, टीव्ही, लॅपटॉप आले की हा त्यांना त्याच्या पट्ट्यातला एक मोकळा पत्ता ठराविक मुदतीसाठी देतो. फोनला याने काही फरक पडत नाही, आज १४ मिळाला उद्या २३, कोण विचारतंय. पण कॅमेऱ्याला पडतो, कारण एनव्हीआरमध्ये प्रत्येक कॅमेरा पत्त्यानेच नोंदवलेला असतो. लाईट गेली की कॅमेरे, टीव्ही, राऊटर सगळं एकदम बंद आणि आली की एकदम चालू, बऱ्याच घरगुती राऊटरना रिस्टार्ट झाल्यावर कोणाला काय दिलं होतं ते आठवत नाही, मग आधी जो मागेल त्याला मोकळा दिसेल तो पत्ता, आणि काल जो गेटच्या कॅमेऱ्याचा पत्ता होता तो आज टीव्हीकडे गेलेला असतो. पावसानंतरचे काळे कॅमेरे म्हणजे पुष्कळदा हेच.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, कॅमेऱ्यामध्येच पत्ता पक्का लिहून टाकायचा, याला स्टॅटिक म्हणतात. दुसरा, कॅमेरा डीएचसीपीवरच ठेवायचा पण राऊटरला सांगून ठेवायचं की हा अमुक कॅमेरा आला की त्याला नेहमी हाच पत्ता दे, याला ॲड्रेस रिझर्वेशन म्हणतात, काही राऊटरमध्ये स्टॅटिक लीज किंवा आयपी-मॅक बाइंडिंग असंही नाव असतं. राऊटर कॅमेऱ्याला ओळखतो त्याच्या मॅक ॲड्रेसवरून, तो बारा अक्षर-आकड्यांचा असतो, कॅमेऱ्याच्या स्टिकरवर आणि खोक्यावर छापलेला असतो, यातली पहिली सहा कंपनी कोणती ते सांगतात. मॅकमध्ये शून्य आणि आठ यांचा घोळ होतो, म्हणून स्टिकरचा फोटो काढून मोठा करून बघा.

मला घरासाठी रिझर्वेशन जास्त पटतं आणि त्याचं कारण आज नाही तर दोन वर्षांनी कळतं. बाबा एक दिवस इंटरनेटची कंपनी बदलतात, नवा राऊटर येतो, तो वेगळ्या पट्ट्यावर, समजा २९ च्या जागी १. कॅमेऱ्यांमध्ये पत्ते स्टॅटिक लिहिलेले असतील तर ते सगळे एकदम बेपत्ता, प्रत्येकाला वेगळं गाठून बदलावं लागतं. रिझर्वेशन असेल तर ते निदान नव्या राऊटरकडून पत्ता घेऊन नेटवर्कवर येतात, मग नव्या राऊटरमध्ये यादी परत भरायची आणि एनव्हीआरमध्ये पत्ते दुरुस्त करायचे, घरबसल्या होतं. त्याहून सोपं म्हणजे नव्या राऊटरचा आतला पत्ताच बदलून जुन्या राऊटरसारखा करायचा, लॅन सेटिंगमध्ये तो बदलता येतो, आणि मग स्टॅटिकवालेसुद्धा जसेच्या तसे चालतात. इंटरनेट कंपनीचा माणूस राऊटर बसवायला येईल तेव्हाच हे करून घ्या.

पण कंपनीने दिलेल्या काही राऊटरमध्ये रिझर्वेशनची सोयच नसते किंवा ते पान बंद केलेलं असतं. तिथे स्टॅटिक लावायचं, फक्त एक काळजी घेऊन: डीएचसीपीचा पट्टा आधी आखडायचा. बरेच राऊटर २ पासून २५४ पर्यंत सगळे पत्ते वाटायला मोकळे ठेवतात. तो शेवट १९९ करा. आता २०० च्या पुढचं सगळं तुमचं, राऊटर तिकडे हात लावणार नाही, पाहुण्याच्या फोनला चुकून कॅमेऱ्याचा पत्ता मिळायची भीती नाही. मग पाहिजे तसे नंबर द्या, गेट २०१, पार्किंग २०२, मागची गल्ली २०३, गच्ची २०४, एनव्हीआर २१०. रिझर्वेशन करणार असाल तरी हेच नंबर ठेवा, फक्त काही राऊटर रिझर्वेशनचा पत्ता पट्ट्याच्या आतलाच मागतात, तिथे पट्टा न आखडता तसाच राहू द्या.

आता प्रत्यक्ष पत्ता कसा बदलायचा. हिकव्हिजनचं एसएडीपी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, दाहुआचं कॉन्फिगटूल, लॅपटॉपवर टाका, लॅपटॉप त्याच राऊटरला किंवा स्विचला (नेटवर्कच्या बऱ्याच तारा एकत्र जोडणारा डबा) जोडा, आणि ते नेटवर्कवरचे त्या कंपनीचे कॅमेरे शोधून यादी दाखवतं. यातली मोठी सोय अशी की पट्टा जुळत नसला तरी कॅमेरा दिसतो, कारण हे सॉफ्टवेअर एका ठराविक पत्त्याला विचारत नाही, जोडलेल्या सगळ्यांना एकदम हाक मारतं. हिकव्हिजनच्या नव्या कॅमेऱ्यासमोर "इनॲक्टिव्ह" दिसेल, त्याला आधी पासवर्ड ठरवून द्यावा लागतो, त्याशिवाय तो पुढे काही करू देत नाही, आणि ते चांगलंच आहे.

सॉफ्टवेअर नाही सापडलं तर जुना मार्ग. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, तारेच्या नेटवर्कचा पत्ता हाताने १९२.१६८.१.५० ठेवा, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा, कॅमेरा जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.६४ टाका. कॅमेऱ्याचं पान उघडेल, नेटवर्क सेटिंगमध्ये नवीन पत्ता भरून सेव्ह करा. सेव्ह केल्या केल्या पान मरेल. घाबरू नका, कॅमेरा नवीन पत्त्यावर गेला आणि तुमचा लॅपटॉप जुन्या पट्ट्यावर राहिला एवढंच झालंय. सगळे कॅमेरे झाले की लॅपटॉप परत ऑटोमॅटिकवर टाकायचा, हे विसरलं तर लॅपटॉपचं नेट चालणार नाही आणि दोष राऊटरला जाईल.

स्टॅटिक लावताना पत्त्याबरोबर आणखी तीन रकाने असतात आणि लोक ते घाईघाईत सोडून देतात. मास्क वर सांगितला तोच. गेटवे म्हणजे राऊटरचा पत्ता. हा चुकला तर घरात टीव्हीवर सगळं व्यवस्थित दिसतं आणि कॅमेरा स्वतः इंटरनेटपर्यंत पोचत नाही, म्हणजे तो सरळ ॲपला जोडलेला असेल तर पुण्यातून दिसणार नाही. तेच एनव्हीआरचं, त्याचा गेटवे चुकला की बाहेरून एकही कॅमेरा दिसत नाही. डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा, त्यात राऊटरचाच पत्ता किंवा ८.८.८.८ चालतो. गेटवे आणि डीएनएस बरोबर असले की वेळही आपोआप जुळते, त्यासाठी एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवायची सोय) चालू करा आणि टाइमझोन साडेपाच तास पुढे, भारताचा निवडा. वेळेकडे खरंच लक्ष द्या, कारण चोरी झाली आणि रेकॉर्डिंगवर तारीखच भलती असेल तर पोलिसांसमोर त्या रेकॉर्डिंगची किंमत किती राहील याचा विचार करा. लाईट गेल्यावर काही कॅमेऱ्यांचं घड्याळ परत फॅक्टरीच्या तारखेवर जातं, म्हणून एकदाच हाताने वेळ लावून सोडणं पुरत नाही.

तुमच्या एनव्हीआरला मागे स्वतःचे पीओई पोर्ट असतील, म्हणजे कॅमेऱ्याची तार सरळ एनव्हीआरमध्ये जाते आणि वीजही त्याच तारेतून मिळते, तर सुटलात. असा एनव्हीआर आपल्या कॅमेऱ्यांचं छोटं वेगळं नेटवर्क आतल्या आत करतो आणि पत्तेही स्वतःच वाटतो. ते तुमच्या घरच्या पट्ट्यातले नसतात आणि नसायलाच पाहिजेत, तिथे हात लावू नका. तुम्हाला फक्त एनव्हीआरचा पत्ता पक्का करायचाय.

वायफाय कॅमेरे ॲपवरूनच जोडले जातात आणि डीएचसीपीवर असतात, त्यामुळे त्यांना रिझर्वेशनच बरं. बरेचसे राऊटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, ५ च्या नाही. जुना राऊटर वरच्या मजल्यावर लावून वायफाय वाढवलं असेल तर तो ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, नाहीतर तो वर स्वतःचं वेगळं नेटवर्क काढून बसतो, स्वतःचे पत्ते वाटतो, आणि वरचा कॅमेरा खालच्या एनव्हीआरला कधीच सापडत नाही. जुन्या दुमजली घरांत ही भानगड खूप दिसते.

आता बाहेरून बघण्याचं. पूर्वी यासाठी राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करायचे, म्हणजे बाहेरून अमुक नंबरवर कोणी आलं की त्याला सरळ कॅमेऱ्याकडे पाठव. अजूनही काही लावणारे करतात. कृपया करू देऊ नका. वाड्याचा दरवाजा उघडा टाकून आतल्या खोलीचा रस्ता बाहेर रंगवून ठेवल्यासारखं आहे ते, आणि इंटरनेटवर असे उघडे दरवाजे शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच घरगुती कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डर (डीव्हीआर) आणि राऊटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते, त्याची पद्धत अगदी साधी होती, फॅक्टरीतून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या एकामागून एक लावून बघायच्या. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्याच कॅमेऱ्यांकडून डाइन (Dyn) नावाच्या, मोठ्या साईटचं डीएनएस सांभाळणाऱ्या कंपनीवर एवढा मारा झाला की ट्विटर, नेटफ्लिक्स सारख्या साईट कित्येक तास अडखळत होत्या. ज्यांचे कॅमेरे होते त्यांना खबरही नव्हती.

शिवाय आता घरगुती कनेक्शनवर पोर्ट फॉरवर्डिंग बऱ्याचदा चालतच नाही. इंटरनेट कंपन्यांकडे पब्लिक पत्ते कमी, म्हणून त्या अनेक घरांना मिळून एकच पब्लिक पत्ता देतात, आणि मधल्या कामासाठी १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून ठेवलेला आहे. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, या पट्ट्यातला दिसला तर समजा की बाहेरून सरळ तुमच्या घरापर्यंत कोणी येऊ शकत नाही, आणि तुमच्यासाठी ते बरंच आहे. बाहेरून बघायला कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप वापरा, क्यूआर कोड स्कॅन करून जोडतात ते, त्यात घरातला एनव्हीआर स्वतःच बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, आतलं काही उघडावं लागत नाही. तुमचा भरवसा मग त्या कंपनीवर येतो हे खरं, म्हणून पासवर्ड लांब ठेवा, बाबांच्या मोबाईल नंबरचा नको, आणि फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करत राहा. ज्याला जमतं त्याने व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद खाजगी रस्ता) लावावा, सगळ्यात सुरक्षित तेच. राऊटरमधलं यूपीएनपी बंद करा, ते चालू असलं तर एखादं उपकरण तुम्हाला न विचारता पोर्ट उघडून घेऊ शकतं.

सगळं लावून झालं की घराचा मेन स्विच पाडून परत चालू करा, राऊटरला पूर्ण सुरू व्हायला वेळ द्या आणि मग बघा चारही चित्रं आपापल्या जागी येतात का. हे भैया समोर असतानाच करायचं, पहिल्या पावसाची वाट बघायची नाही. एखादा नाही आला तर लॅपटॉपवरून त्याच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये ping आणि पुढे तो पत्ता टाका. उत्तर आलं तर नेटवर्क ठीक आहे, एनव्हीआरमधला पत्ता किंवा पासवर्ड तपासा. नाही आलं तर आधी तार आणि वीज, मग एसएडीपीत तो कुठल्या पत्त्यावर दिसतो ते. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याने राऊटरकडे पत्ता मागितला होता आणि त्याला कोणी दिला नाही, म्हणजे मधला स्विच किंवा तार बघायची.

आणि एक कागद करा. कॅमेऱ्याचं नाव, पत्ता, मॅक, आणि एनव्हीआरच्या कितव्या चॅनेलवर आहे. तो एनव्हीआरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि त्याचा फोटो आई-बाबांच्या आणि तुमच्या व्हॉट्सॲपवर ठेवा. पासवर्ड त्यावर लिहू नका, तो वेगळ्या जागी. लावणाऱ्याकडून ॲडमिन पासवर्ड घ्या आणि तो जायच्या आधी बदला, ॲपमध्ये मुख्य खातं त्याच्या मोबाईल नंबरवर नाही तर घरातल्या कोणाच्या नंबरवर आहे ना ते बघा, कारण मुख्य खातं ज्याचं तो तुमचं घर कधीही बघू शकतो आणि तुम्हाला काढूनही टाकू शकतो. शेवटचे पैसे हे सगळं हातात आल्यावरच द्यायचे.